पुढचं डावं चाक

दाजींचा ट्रक चाळीसच्या पुढं गेला की स्टेअरिंग थरथरतं, ही तक्रार माझ्याकडं आली तेव्हा ती मला रोजच्यातलीच वाटली. माझं टायरचं दुकान आहे. पुढच्या चाकाला ठोकलेला शिशाचा एखादा तुकडा गळून पडला की चाक एका बाजूनं जड होतं, आणि वेग घेतला की ते जडपण स्टेअरिंगमधून हातात येतं. चाक उतरवायचं, मशीनवर चढवायचं, मशीन दाखवेल तिथं शिसं ठोकायचं, परत बसवायचं. यात डोकं लावण्यासारखं काही नसतं.

दाजींच्या बाबतीत ते तसं झालं नाही. हलतंय ते चाक, की दाजींचा हात, हेच मला कळेना. आणि कळलं असं वाटलं त्यानंतर मी जे केलं ते तोंडातून काढायला मला फार वेळ लागला. मी तसाही बोलणारा माणूस नाही. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, “शेठ, तुमच्यापेक्षा तुमचा कॉम्प्रेसर जास्त बोलतो.” लिहिणं त्यातल्या त्यात बरं, मध्ये कुणी तोंडाकडं बघत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धाराशिवकडच्या आमच्या गावातून ते आधी इकडं आले, मागून आक्का आली, आणि दहावी नापास झाल्यावर मी. चिखलीत त्यांच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, त्यातली बाहेरची मला दिली. त्यांच्याच ट्रकवर मी क्लिनर म्हणून लागलो. गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, लायसन्स त्यांनी काढायला लावलं, आणि माझं मन रस्त्यापेक्षा चाकांत जास्त रमतंय हे ओळखून तळवड्याच्या रस्त्याला दुकानाची जागाही त्यांनीच हेरली. माझ्या लग्नात ते घरच्यासारखे राबले आणि मानाचा टॉवेल घ्यायच्या वेळी बरोबर गायब झाले. अशा माणसाला तोंडावर काही सांगायचं म्हणजे माझी जीभच वळत नाही.

आताचा ट्रक त्यांचा स्वतःचा आहे. जुना, सहा चाकी, समोरची काच दोन वेळा बदललेली. चिखलीतल्या एका प्रेसशॉपमधून पत्र्याचे पार्ट भरायचे आणि चाकणच्या कंपनीत नेऊन टाकायचे, हे त्यांचं रोजचं काम. त्यांच्या केबिनमध्ये चपला काढून चढावं लागतं. आणि ड्रायव्हरच्या सीटवर त्यांच्याशिवाय कुणी बसत नाही. हे कुणी सांगितलेलं नाही, पण भाच्यांनाही ठाऊक आहे. चाक बसवल्यावर गाडी चालवून बघायची ती दाजींनीच. मी डावीकडं क्लिनरच्या जागेवर बसायचं, डॅशबोर्डवर तळहात टेकवायचा आणि थरथर कुठून येतेय ते चाचपायचं.

पहिल्या वेळी मी दोन्ही पुढची चाकं मशीनवर घेतली. डाव्या चाकात बराच फरक होता. शिसं ठोकलं, मशीननं शून्य दाखवलं. हवेच्या गननं नट आवळले आणि आम्ही चक्कर मारून आलो.

“हलायलंय अजून,” दाजी म्हणाले.

“मशीन तर शून्य दाखवतंय, दाजी.”

“मशीन शून्य दाखवायलंय, माझं स्टेअरिंग हलायलंय. आता मशीनला बसवू का चालवायला?”

हसलो दोघंही. माझ्या तळहाताला खरंच थरथर जाणवली होती. पुढच्या गुरुवारी ते परत आले. गुरुवारी आमच्याकडं कारखान्यांची सुट्टी, प्रेसशॉप बंद, म्हणून तो त्यांचा गाडीच्या कामाचा वार. मग त्याच्या पुढच्या गुरुवारी. मी टायर उलटा करून बसवला, डावं उजवीकडं नेऊन बघितलं. मशीन प्रत्येक वेळी शून्य म्हणायचं आणि रस्ता प्रत्येक वेळी नाही म्हणायचा.

“काय पाव्हणं, संपलं का न्हाई तुमचं भजन?” दाजी जुन्या टायरवर बसून विचारायचे.

चूक माझीच होती, आणि ती कळायला लाज वाटावी इतका वेळ गेला. नव्या गाड्यांचं चाक मधल्या मोठ्या भोकावर बसतं. माझं मशीन त्या गाड्यांसाठी केलेलं, तेही चाकाला मधल्या भोकात धरूनच फिरवतं. जुन्या गाडीचं चाक मात्र नटांवर बसतं. नटाचं तोंड गोलसर असतं, ते चाकाच्या भोकात रुतून बसतं आणि चाकाला मध्यावर आणतं. मधलं भोक तिथं नावापुरतं. म्हणजे मशीनवर चाक एका मध्याभोवती फिरत होतं आणि गाडीवर दुसऱ्याच. त्यात मी नवं मशीन घेतल्यापासून गननं नट ओळीनं आवळत सुटायचो, त्यामुळं चाक एका अंगाला सरकून बसायचं. समोरासमोरचे नट थोडे थोडे करून आवळायचे, हे मला क्लिनर असताना दाजींनीच शिकवलं होतं. तेव्हा विसरलो की पाठीत धपाटा बसायचा.

मग एका गुरुवारी मी मशीनकडं गेलोच नाही. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेतला आणि पुढचं डावं चाक पान्यानं बसवलं. जुन्या गाडीला डाव्या बाजूचे नट उलटे फिरतात, हातानं आवळताना ते सारखं ध्यानात ठेवावं लागतं. समोरासमोरचे नट घेत, मध्ये मध्ये चाक फिरवत आवळले. खडू धरून चाक फिरवलं, खडूची रेघ सगळीकडं सारखी उमटेपर्यंत. मग चाक मोकळं सोडलं. जड बाजू आपोआप खाली येते, तिच्या समोर शिसं ठोकलं, परत सोडलं. शेवटी चाक कुठंही सोडलं तरी जागच्या जागी थांबायला लागलं. उजव्यालाही तसंच केलं.

दाजी तेव्हा समोरच्या सलूनमध्ये दाढीला गेले होते. आयुष्यभर घरी आरशासमोर बसून दाढी करणारा माणूस हल्ली सलूनमध्ये जायला लागला होता. का, ते मी विचारलं नाही.

चाक इतकं छान झालं होतं की मला राहवेना. चपला खाली काढल्या आणि मी दाजींच्या सीटवर चढलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. गुरुवारचा मोकळा रस्ता होता. चाळीस गेलं, पन्नास गेलं, त्याच्याही पुढं नेलं. काही नाही. डॅशबोर्डवर दाजींची अर्धी भरलेली पाण्याची बाटली होती, तिच्यातलं पाणी टेबलावर ठेवल्यासारखं. दोन बोटांत गाडी चालत होती. मी एकटाच मोठ्यानं हसलो.

परत आणून गाडी होती तिथंच लावली, चपला घातल्या. दाजी गालाला पावडर लावून आले.

“झालं?”

“बघा चालवून.”

त्याच रस्त्यानं निघालो. पन्नासच्या आसपास दाजी म्हणाले, “हाय बघ अजून. थोडं हाय.”

माझ्या तळहाताखाली डॅशबोर्ड गप्प होता. बाटलीतलं पाणी गप्प होतं. मी मान वळवून त्यांच्या हाताकडं बघितलं. सरळ रस्ता, म्हणून त्यांनी डावा हात स्टेअरिंगवर नुसता टेकवला होता. त्याचा अंगठा बोटावर फिरत होता, तंबाखू मळल्यासारखा. दाजींनी तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली होती. अंगठा मळतच होता, आणि त्या मळण्यानं मनगट हलत होतं.

म्हणून तो स्टीलचा पेला, असं माझ्या मनात आलं. पूर्वी ते कपबशीतून चहा घ्यायचे, बशीत ओतून फुर्रकन. हल्ली आक्का त्यांना पेल्यात चहा द्यायची, तोही अर्धाच. म्हणून ते सलून. पण लगेच दुसरंही मनात आलं. आजपर्यंत हललं ते तर चाकच होतं ना? माझ्या चुकीनं हलत होतं, मला तळहाताला जाणवत होतं. मग त्यांचा हात आधीपासून हलत होता की आता? की मी आज बघायचं ठरवलं म्हणून मला दिसला?

“काय म्हणायलास?” दाजींनी विचारलं.

“हो दाजी,” मी म्हणालो, “थोडं राहिलंय.”

तिथं मला थांबता आलं असतं. एवढं खोटं कुणीही बोललं असतं.

काही दिवसांनी प्रेसशॉपमध्ये डिस्पॅच बघणारा माणूस माझ्या दुकानाशी मोटारसायकल उभी करून आत आला. चाकणजवळच्या गावचा, वयानं माझ्याएवढा, सरळ माणूस. थोडा वेळ टायरच्या थप्पीकडं बघत उभा राहिला.

“भाऊ, एक इचारू का? राग न्हाई ना येणार?”

“विचारा की.”

“दाजींचं ते हालायचं. गाडीचं हाय का मान्साचं?”

मी पाना खाली ठेवला. “म्हणजे?”

“परवा चलनावर सही करत व्हते. पेन कागदावर टेकंना. मी म्हनलं काय वो, तर म्हनले, दिसभर स्टेअरिंग हालतंय, हाताला सवय लागली. म्हनलं आसंल बाबा.” त्यानं रुमालानं मान पुसली. “माझी दाजींवर काय खुन्नस न्हाई. पन आमी गाडी भरून देतो. रस्त्यावर शिफ्ट सुटल्याली आसती, पोरंपोरी दुचाकीवर, कशी बी घुसत्यात. गाडीचं आसंल तर करून घ्या, काय न्हाई. मान्साचं आसंल तर मला ती गाडी बंद करावी लागंल. गुरुवारी येतो. एक चक्कर मारू.”

दाजींना दुसरं काही येत नाही असं नाही, पण गाडीवरून उतरलेले दाजी मला डोळ्यांसमोर आणता येईनात. घरी खाटेवर बसलेले? कुणाच्या तरी गेटवर वॉचमन?

गुरुवारी सकाळी दाजी गाडी लावून सलूनला गेले. मी पुढच्या डाव्या चाकावरचं शिसं उपटलं आणि नेमकं जड बाजूला ठोकलं. माझे हात जरा थांबतील असं वाटलं होतं, पण ते थांबले नाहीत. इतकी वर्षं चाक सुधारायला शिकलो, बिघडवायला काही मिनिटं पुरली.

डिस्पॅचवाला आला. गाडी मी चालवली, तो शेजारी बसला. पंचेचाळीसला स्टेअरिंग नाचायला लागलं.

“धरा हात,” मी म्हणालो.

त्यानं हात लांब करून स्टेअरिंगला लावला. “व्हय की! आयला, गाडीच हालती राव. मी उगी बिचाऱ्या मान्सावर—” आणि मोकळा हसला. “करून घ्या तेवढं.”

“पार्ट यायचाय,” मी म्हणालो. कुठला पार्ट, त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काहीतरी सांगितलं असतं.

तो गेल्यावर शिसं परत जागेवर लावायचं, असं माझं ठरलं होतं. खरंच ठरलं होतं. पण तेवढ्यात दाजी आले, म्हणाले चल, बघू. निघालो. पन्नासला त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी तो विसरणार नाही.

“बघ! म्हणलं न्हवतं का मी? आज तर जास्तच हाय! तू म्हणायलास मशीन शून्य, मशीन शून्य. आरं, तीस वर्षं गाडी चालवायलोय, मला कळत न्हाई व्हय?”

कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं. वाटेत त्यांनी मला वडापाव खायला घातला. वडापाववाल्याला, पानवाल्याला, भेटेल त्याला सांगितलं की गाडीत फॉल्ट आहे, मेव्हणा शोधतोय, अजून त्याला घावलेला नाही.

मी शिसं तसंच राहू दिलं.

आता मागं वळून मी ते कुणासाठी केलं असं विचारलं, तर उत्तर दर वेळी वेगळं येतं. दाजींच्या मानासाठी. आक्काच्या घरासाठी. मला तोंड उघडावं लागू नये यासाठी. तिन्ही खरी वाटतात, आणि तिन्हींत काहीतरी लबाडी वाटते. चाळीसच्या आत गाडी धड चालते, भरलेली गाडी तो वेग क्वचितच घेते, असं मी स्वतःला सांगायचो. दुकानासमोरून दाजी हॉर्न वाजवून जायचे, मी हात वर करायचो, आणि ते वळणाआड गेले की हातातलं काम माझ्याकडून पुढं सरकायचं नाही.

मग एके दुपारी त्यांचा फोन आला. “पाव्हणं, ये जरा.” एवढंच. म्हाळुंग्याच्या अलीकडं, एका कंपनीच्या गेटजवळ.

मी पोचलो तेव्हा गर्दी पांगत होती. ट्रक रस्ता सोडून डावीकडं उतरला होता आणि पुढच्या डाव्या चाकाखाली चहाच्या टपरीचं लाकडी बाकडं मोडून पडलं होतं. शिफ्टचा भोंगा झाला म्हणून बाकड्यावरची माणसं नुकतीच उठून गेली होती. टपरीवाल्या बाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या.

“मान्सं उठली म्हून! न्हाईतर काय झालं आसतं? आँ? डोळं हायत का गोट्या?”

“स्टेअरिंगनं झटका दिला हो,” दाजी म्हणत होते. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मला बघितलं तसे माझ्याकडं वळले. “हा आला बघा. ह्येला विचारा. सांग की रे, तुला तर माहीत हाय.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“गाडीचाच प्रॉब्लेम आहे, मावशी,” मी म्हणालो. “मी दुसरं बाकडं आणून देतो.”

चाकाखालून ते बाकडं ओढून काढताना त्याच्या एका फळीवर चहाचा डाग अजून ओला दिसला. मी ट्रकच्या मागं जाऊन उभा राहिलो.

शिशाच्या तेवढ्याशा तुकड्यानं गाडी अशी बाजूला जात नाही. कुणीही टायरवाला हेच सांगेल. पण दिवसभर हलणारं चाक धरून दमलेला हात, आणि तो हात मुळातच हलणारा, हे दोन्ही एकत्र आले तर काय होतं, हे कुठला टायरवाला सांगणार? हात सुटला असेल. किंवा हात बरोबर होता आणि चाकानं सोडवला असेल. किंवा दोन्ही नाही, मध्ये कुत्रं आलं असेल आणि दाजींना ते आठवत नसेल. मी हे असं उलटसुलट करत बसायचो आणि प्रत्येक वेळी बाकड्यावर माणसं बसलेली दिसायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आक्काकडं गेलो. दाजी टीव्हीसमोर होते. आक्कानं चहा आणला, मला कपबशी, त्यांना पेला. मी कप तसाच ठेवला.

“दाजी, पुढच्या डाव्या चाकावर मी शिसं उलटं लावलंय. मुद्दाम. प्रेसशॉपचा माणूस बघायला येणार होता म्हणून. चाक त्याच्या आधीच चांगलं झालं होतं.”

दाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. “परत बोल.”

मी परत बोललो. या वेळी नट ओळीनं आवळायच्या माझ्या आधीच्या चुकीचंही बोललो, आणि हाताचंही. तुमचा हात हलतो, दाजी. मी बघितलाय.

ते काही म्हणायच्या आत आक्का दारातून म्हणाली, “तू आत्ता बघितलास व्हय? मी चहा अर्धा का भरते? दूध संपलंय म्हणून?”

दाजींनी तिच्याकडं बघितलं. मग हातातल्या पेल्याकडं. मला वाटतं, ही गोष्ट आपण कुणालाच कळू दिलेली नाही अशी त्यांची समजूत होती, आणि माझ्या शिशापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. पण ते ओरडले माझ्यावर.

“हाताचं हातापाशी! चाक तू बिघडवलंस का न्हाई? सांग! माझ्या गाडीचं चाक! क्लिनर होतास तवा एक नट ढिला राह्यला तर रात्रभर झोपू दिलं न्हवतं मी तुला. आन् तू—” त्यांनी पेला खाली आपटला. “आधी तुझ्या चुकीनं हललं, मग तू मुद्दाम हलवलंस. एवढे महिने मी ते धरून चालवायलोय. मग माझा हात त्येच्यानंच बिघडला नसंल कशावरून?”

नंतर आक्का त्यांना घेऊन डॉक्टरांकडं गेली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की चाकाच्या थरथरीनं हा आजार होत नाही. दाजींना ते पटलेलं नाही. मलाही ते रोज पटतं असं नाही.

त्या संध्याकाळी आक्का मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. चांगलं केलंस म्हणाली नाही, वाईट केलंस म्हणाली नाही. “चहा तसाच टाकलास,” म्हणाली.

मधले दिवस गाडी घरासमोर उभी होती. प्रेसशॉपला त्यांनी पार्ट यायचाय असंच सांगितलं, माझेच शब्द. गुरुवारी सकाळी ते गाडी घेऊन दुकानावर आले. नेहमीच्या टायरवर बसले नाहीत, सलूनला गेले नाहीत. गालावर पांढरे खुंट वाढले होते.

“काढ तुझं शिसं.”

मी जॅक लावला. ते माझ्या डोक्याशी उभे राहिले आणि मी समोरासमोरचे नट घेतोय की नाही ते बघत राहिले. एकदा माझा पाना चुकून सरळ फिरला तर म्हणाले, “उलटा.” चाक मोकळं सोडलं, ते जागच्या जागी थांबलं. त्यांनी स्वतः एकदा फिरवून सोडलं. परत थांबलं.

“बस,” म्हणाले. मी चपला काढून डावीकडं चढलो.

ते रागात होते आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. चाळीस. पन्नास. मी तळहात डॅशबोर्डवर ठेवलाच नाही, त्यांच्या हातांकडंच बघत होतो. हात हलत नव्हते. अगदी हलत नव्हते. एक दुचाकी आडवी आली, त्यांनी ती सफाईनं टाळली, मला शिकवताना टाळायचे तशीच. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच दुसरं मनात आलं. म्हणजे सगळं माझ्याच शिशाचं होतं? आक्काचा अर्धा पेला, सलून, चलनावरची सही, यांतलं मी काय बघितलं होतं आणि काय जुळवलं होतं?

इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडं त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. पुलावरून गाड्या जात होत्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

“चाक ब्येस झालंय,” ते म्हणाले.

“हो.”

“कायबी हलत न्हाई.”

त्यांच्या मांडीवर डावा अंगठा हळूहळू मळायला लागला. आधी थोडा, मग मनगटासकट. दाजी त्याच्याकडं बघत होते. कुणीतरी ओळखीचं दारात येऊन उभं राहावं आणि या म्हणावं की नको ते ठरू नये, तसे बघत होते. त्यांनी उजव्या हातानं तो दाबून धरला. सोडला. परत सुरू झाला.

“धरून ठेवलं की गप असतंय,” ते म्हणाले. “पण सारखं किती धरणार? त्या दिवशी म्हाळुंग्याला सोडलं असंल मी. सोडलं असंल का रे?”

“माहीत नाही, दाजी.”

“तू तर चाकं बघणारा माणूस.”

“खरंच माहीत नाही.”

त्यांनी किल्ली गाडीलाच राहू दिली. मग दार उघडलं.

“तू घे घरापर्यंत,” म्हणाले, आणि खाली उतरले.

मी सीट ओलांडून स्टेअरिंगमागं सरकलो. दाजी गाडीच्या पुढून फिरून डाव्या बाजूला आले. दार उघडून त्यांनी पाय वर घेतला आणि तो पायरीवर न पडता हवेतच राहिला. या बाजूनं चढायची त्यांना सवय नव्हती, धरायची कडी कुठं आहे हे हाताला माहीत नव्हतं. दाराच्या कडेला, सीटच्या रेक्झिनला, डॅशबोर्डला, हात चाचपत राहिला. मी इंजिन चालू केलं नव्हतं. वाकून हात पुढं करावा, की समोर रस्त्याकडं बघत बसावं, मला कळेना.